दोन स्नोब्लोअर आणि शरयूकाकूंचा ड्राइव्हवे

दिवाळीचे कंदील उतरवायच्या आत आमच्याकडे पहिला बर्फ पडतो. यंदाही पडला. सकाळी पडदा सारला तर समोरची छपरं पांढरी झाली होती, आमच्या दारातला आकाशकंदील एका बाजूने ओला होऊन लोंबत होता, आणि फोनवर मराठी मंडळाच्या ग्रुपमध्ये बर्फ काढायच्या मशीनबद्दलचा मोसमातला पहिला प्रश्न येऊन पडला होता. ‘नमस्कार मंडळी, यंदाच घर घेतलंय. स्नोब्लोअर कुठला घ्यावा? रिलायबिलिटी महत्त्वाची.’ त्याखाली लगेच कुणीतरी लिहिलं होतं, ‘कल्याणीताईंना विचारा, त्यांची तुलनेची शीट आहे.’ आणि त्याखाली चार अंगठे.

मी फोन पालथा घातला आणि चहा टाकला. गेल्या वर्षी याच प्रश्नाला मी पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं, वर दोन फोटो आणि एक हसरा चेहरा जोडला असता. यंदा हात उचलला जाईना.

आम्ही बफलो शहराच्या बाहेर राहतो, मोठ्या सरोवराच्या काठाला. सरोवरावरून वारा सुटला की बर्फ इतका येतो की रात्री निजताना दिसणारी टपालपेटी सकाळी शोधावी लागते. इथे सगळ्यांच्या हिवाळ्याला एक आवाज आहे: पहाटे रस्त्यावरून खरडत जाणारा प्लाऊ, बर्फ लोटणारा सरकारी ट्रक. तो रस्ता साफ करतो आणि रस्त्यावरचं सगळं आपल्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेच्या, तोंडाशी लोटून जातो. ताजा बर्फ हलका असतो, लहान पोरंही उडवतात. पण प्लाऊने लोटलेला तो ढीग मिठाने भिजलेला, दाबलेला आणि दगडासारखा घट्ट असतो. स्नोब्लोअरची खरी परीक्षा तिथेच होते. हे मी कुणालाही न अडखळता सांगू शकते, आणि गेली काही वर्षं विचारलं नसतानाही सांगत आले आहे.

माझं काम मशीन तपासण्याचं. औषधाचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. पंप कधी बंद पडेल, कसा बंद पडेल, किती वेळा चालू-बंद केल्यावर बंद पडेल, याचे तक्ते करायचे, यावर आमचं घर चालतं. ती खोड घरीही आली. मिक्सर असो, गादी असो, गाडी असो, आधी तक्ता. एकदा कुकर घ्यायला मला सात आठवडे लागले, तेव्हा श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आपण कुकर घेतोय की त्याचं लग्न ठरवतोय?" मी हसले, पण मनातून मला माझ्या खोडीचा अभिमानच वाटला.

आपल्या लोकांची एक गंमत आहे. दुकानदारावर आपला विश्वास नसतो. परक्यांनी इंटरनेटवर दिलेल्या चांदण्यांवर तर नसतोच. पण ‘आपल्यातल्या कुणीतरी नीट बघितलंय’ म्हटलं की डोळे मिटून घेतो. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून होणाऱ्या जेवणाला, मसालेभाताच्या रांगेत उभं राहून मी लोकांच्या घर तापवायच्या भट्ट्या, छपरं आणि बर्फाची मशीनं ठरवून दिली आहेत. ‘कल्याणी म्हणाली’ हे शब्द कानावर आले की मी भातावर तूप जरा जास्तच वाढून घ्यायची.

शरयूकाकू आमच्या तिरप्या समोर राहायच्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा ड्राइव्हवे सरळ दिसतो, अजूनही. काका डॉक्टर होते, इथे फार पूर्वी आलेले. गेल्याच्या गेल्या वसंतात ते गेले. त्यानंतर काकू त्या घरात एकट्या. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याला, गाडी चालवायच्या, गुरुवारी लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, आणि अंगणात चार फुटी भेंडी वाढवायच्या. संधिवात होता, तोही नेमका अंगठ्यांत. आठवड्यातून एकदा तरी लोणच्याची किंवा जॅमची बरणी घेऊन आमच्या दारात यायच्या. "उघडून दे गं. अंगठे ऐकत नाहीत माझं." मी झाकण फिरवून द्यायची, त्या बरणी घेऊन परत जायच्या. कितीतरी बरण्या उघडल्या मी. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांचा मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फ न पडणाऱ्या सांता क्लाराला असतो. बाप गेल्यावर त्याचं एकच टुमणं सुरू झालं, आई, इकडे ये. काकूंना जायचं नव्हतं. एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलताना म्हणाल्या, "तिकडे मी निखिलची आई होईन. नातवंडांची आजी होईन. सगळे लाड करतील, मला ठाऊक आहे. पण इथे मी शरयू आहे. टपालवालासुद्धा शरयू म्हणतो." मग दोन दाणे तोंडात टाकून म्हणाल्या, "जे काय व्हायचं ते मला इथेच होऊ दे."

शेवटी मायलेकांचं ठरलं. एक हिवाळा. एक हिवाळा काकूंनी एकटीने निभावला तर निखिल पुन्हा विषय काढणार नाही. नाही निभावला, तर घर विकायचं. आणि हिवाळा निभावणं म्हणजे आमच्याकडे दुसरं काहीच नाही, बर्फ निभावणं. किराणा घरपोच येतो, डॉक्टर फोनवर भेटतो, पण दार आणि रस्ता यांच्यामध्ये पडलेला बर्फ कुणीतरी काढावाच लागतो.

काकांच्या वेळेपासून बर्फ काढायला एक म्हातारा माणूस ट्रक घेऊन यायचा. त्याने कंबरदुखीने काम सोडलं. ऑक्टोबरात दुसरा एक विचारायला आला, काकू त्याला हो म्हणणार होत्या. त्याच्या कराराचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या, वाचून घ्यायला. मी वाचला आणि म्हणाले, "काकू, हे लोक कधी उगवतील याचा भरवसा नाही. ह्यांच्यावर कशाला डिपेंड राहायचं? आपलं मशीन घ्या. मी बघते ना."

‘मी बघते ना’ म्हणताना माझा आवाज किती भरदार झाला होता! त्या वर्षी आम्हालाही नवीन मशीन घ्यायचंच होतं, आणि तीन आठवडे मी दोन कंपन्यांमध्ये अडकले होते. नावं घेत नाही. एक निळं होतं, एक पिवळं. दोन्ही दणकट, म्हणजे बर्फ आत ओढणारं एक चक्र आणि तो लांब भिरकावणारं दुसरं, अशी दोन टप्प्यांची. निळ्याचं इंजिन जास्त थंडीत जास्त लवकर सुरू होतं असं लोक सांगत होते. पिवळं त्या घट्ट ढिगात शिरायला चांगलं. माझ्या तक्त्यात रिलायबिलिटी, परफॉर्मन्स, व्हॅल्यू अशी तीन मोठी शीर्षकं होती, त्यांच्याखाली एकवीस रकाने, आणि बेरीज दोन्हींची जवळजवळ सारखी.

हे लिहायला मला अवघड जातंय. काकू कागद घेऊन समोर बसल्या होत्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं: एक आम्ही घ्यायचं, एक काकूंनी घ्यायचं. एकच रस्ता, एकच बर्फ, जवळपास सारखा ड्राइव्हवे. अशी तुलना कुठल्या मासिकालाही जमणार नाही. मला आनंद झाला, अगदी खराखुरा. तो काकूंसाठी झालेला आनंद आहे असं मी त्या क्षणी समजले, किंवा तसं समजून घेतलं.

काकूंनी निळं घेतलं. मी सांगितलं म्हणून घेतलं. त्यांनी रंगसुद्धा विचारला नाही.

मशीन आलं त्या दिवशी कोरड्या ड्राइव्हवेवर मी त्यांना चालवून दाखवलं. पेट्रोलचा वास, पायाखाली सुकी पानं, आणि काकूंच्या अंगावर काकांचं जुनं जाकीट. या मशीनच्या दोन मुठींवर दोन दांड्या असतात. चालतं ठेवायचं तर दोन्ही सतत दाबून धराव्या लागतात. एक सुटली की चाकं थांबतात, दुसरी सुटली की चक्र थांबतं. सुरक्षिततेसाठी तशी सोय असते, आणि तिला मी तक्त्यात पैकीच्या पैकी गुण दिले होते. काकूंनी दांड्या धरल्या. मशीन दोन पावलं गेलं आणि थांबलं. पुन्हा धरल्या. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा त्या मशीनवर जवळजवळ ओणव्या झाल्या, तरी थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सवय होईल काकू," मी म्हणाले. "बर्फात सोपं जातं."

बर्फात सोपं जात नाही. बर्फात हातात जाड मोजे असतात.

"हो, हो," काकू म्हणाल्या. "सवयीचाच प्रश्न आहे."

मग हिवाळा सुरू झाला, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा मोसमही. मी खोटं का बोलू? मला फार मजा आली. पहाटे आवाज नसण्याचा आवाज यायचा, जाग यायची, बाहेर सगळं दबून गेलेलं. मी थर्मल घालून बाहेर पडायची. पिवळं दोरीच्या पहिल्या झटक्यात घरघरायचं, आणि बर्फाची कमान शेजारच्या मेपलच्या बुंध्यापर्यंत जायची. नाकातले केस गोठायचे. आत आल्यावर मोजे हीटरच्या जाळीवर टाकायचे, त्यांचा ओल्या लोकरीचा वास आणि आल्याचा चहा. आणि चहा पिता पिता काकूंना फोन.

"काकू, कसं चाललं मशीन?"

"अगं, झकास!"

"पहिल्या झटक्यात सुरू झालं?"

"पहिल्याच."

"आणि तो प्लाऊचा ढीग?"

"लोण्यासारखा कापला."

मी लिहून घ्यायची. सुरुवात: पहिला झटका. ढीग: उत्तम. कधीकधी काकूच आपणहून भर घालायच्या, "आवाज जरा जास्त आहे हो," वगैरे. ते मला विशेष विश्वासार्ह वाटायचं. संध्याकाळी त्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवायच्या. "तुझे उपकार आहेत गं," म्हणायच्या. मी ते लाडू खाल्ले. श्रीरंगने खाल्ले, ईराने खाल्ले, दुसऱ्या दिवशी ऑफिसातही नेले.

ईरा आमची मुलगी, चौदा वर्षांची. एका सकाळी मी फोन ठेवून टाइप करत होते, ती सीरियल खात होती. म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट डू हर्स टू? इट्स लाइक, टेन मिनिट्स."

"अगं, मग तुलना कशी होणार? डेटा बिघडेल ना."

ती चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके." या मुलांचं ‘ओके’ फार लागतं कधीकधी. पण त्या दिवशी मला लागलं नाही, मी पुढचा रकाना भरत होते.

जानेवारीच्या सुरुवातीला मी शीट ग्रुपवर टाकली. ‘निळं विरुद्ध पिवळं: एका रस्त्यावरची प्रत्यक्ष तुलना.’ अंगठे, टाळ्या, फुलं. एकाने लिहिलं, ‘ताई, पुस्तक काढा यावर.’ ‘चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकूही निळं मशीन सहज चालवतात’ असं वाक्य मी त्यात ठळक अक्षरांत टाकलं होतं. ते वाचून दोन घरांनी आपापल्या आईवडिलांसाठी निळं मागवलं.

त्याच सुमारास निखिलचा फोन आला. "ताई, ऑनेस्टली सांग. आई मॅनेज करतेय ना? ती मला खरं सांगणार नाही."

"अरे, झकास! शीट पाठवते ना तुला."

संक्रांतीला काकू तिळगूळ घेऊन आल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता, त्यांच्या पापण्यांवरही होता. मी नमस्कार करायला वाकले, त्यांनी तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्यांच्या तळव्याला फोड दिसले. बोटांच्या मुळाशी ओळीने चार, त्यातला एक फुटलेला.

"हे काय झालं?"

"अगं, तीळ भाजताना कढई लागली."

कढई लागली तर फोड बोटांच्या टोकांना येतात, तळव्यावर ओळीने येत नाहीत. रोजच्या रोज झिजलेले भाग बघून ते कसे झिजले हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. "जपा हं काकू," मी म्हणाले, आणि तिळगूळ तोंडात टाकला. छान झाला होता, खुसखुशीत, वेलदोडा बेताचा.

फेब्रुवारीत काकू पडल्या. ढिगापाशी पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. टपालवाल्याने बघितलं. मी तेव्हा ऑफिसात होते. हॉस्पिटलात पोचले तर काकू आधी मलाच समजावायला लागल्या. "मशीनची चूक नाही हं. माझाच पाय सरकला." निखिल दुसऱ्या दिवशी विमानाने आला.

गॅरेज त्यानेच उघडलं. मी शेजारी उभी होते. निळं मशीन कोपऱ्यात होतं, वर एक जुनी चादर नीट चारही बाजूंनी खोचलेली, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर असते तशी. त्याने चादर काढली. टायरवरचे नवेपणीचे रबराचे केस तसेच होते. चक्राच्या पात्यांवरचा रंग तसाच, एक चरा नाही. सूचनांचं कार्ड दांडीला बांधलेलंच होतं. टाकीत मी ऑक्टोबरात ओतलेलं पेट्रोल, त्याच पातळीला. आणि दाराजवळ भिंतीला टेकवलेलं फावडं. त्याचा दांडा मधोमध काळा पडला होता, आणि जिथे हात धरतात तिथे जुन्या टॉवेलच्या चिंध्या गुंडाळून दोरा बांधला होता.

"ताई," निखिल म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं. त्याने पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं.

काकूंनी सगळा हिवाळा तो ड्राइव्हवे हाताने साफ केला होता. पहाटे लवकर, मी माझं मशीन घेऊन बाहेर पडायच्या आधी. मशीन चालवता येत नाही हे मला सांगितलं असतं तर मी निखिलला सांगितलं असतं, आणि त्यांचा एक हिवाळा तिथेच संपला असता. म्हणून सांगितलं नाही. शिवाय, मी इतकं करून दिलेलं, मला वाईट वाटेल. भिडस्त माणसं अशीच मरतात, असं माझी आई वैतागून म्हणायची. काकू मेल्या नाहीत, पण घर गेलं. एप्रिलमध्ये बर्फ वितळून अंगणातलं पिवळं गवत दिसायला लागलं तेव्हा दारात विकण्याची पाटी लागली. जाताना काकूंनी प्लास्टरमधल्या हाताने मला जवळ घेतलं. "तू होतीस म्हणून इतके दिवस तरी राहिले," म्हणाल्या.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ग्रुपवर कुणाला काही कळलं नाही. कळलं ते इतकंच की काकू पडल्या, वयच झालं होतं, आणि शेवटी मुलाकडे गेल्या ते बरंच झालं. मीही ‘हो ना’ असं लिहिलं. निळं घेतलेल्या त्या दोन घरांना मी नंतर फोन केले, आईवडिलांना स्वतः चालवू देऊ नका म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. शीट मात्र काढून टाकली नाही. काढली असती तर का काढली, असं कुणीतरी विचारलं असतं.

आता त्या घरात एक तरुण जोडपं राहतं. मशीन घराबरोबर त्यांच्याकडेच गेलं. आज सकाळी तो मुलगा टोपीही न घालता बाहेर आला, एका हाताने दोरी ओढली, आणि निळं पहिल्या झटक्यात सुरू झालं. ढीग खरंच लोण्यासारखा कापला गेला. मी उभी राहून बघितलं. मशीन उत्तम आहे, तक्त्यातला एकही आकडा खोटा ठरत नाही. एकवीस रकान्यांत हात कोणाचे, हा बाविसावा घालायला मी विसरले, असं मी वर्षभर स्वतःला समजावत आले. विसरले. चुकून राहिलं. हा शब्द किती मऊ आहे, त्यावर डोकं टेकून झोपता येतं.

पण मी विसरले नव्हते. इथवर जे लिहिलं त्यात एक सकाळ मी गाळली आहे. आधीच सांगायला हवी होती, पुढे ढकलत आले.

संक्रांतीनंतरचा आठवडा. सकाळचे साडेसहा. आदल्या दिवसापासून पडत होता, थांबला नुकताच. आठला माझी मीटिंग होती, म्हणून मी जरा लवकर उठले होते. खिडकीशी आले, आणि समोर, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, काकू. फावडं घेऊन. काकांच्या त्या जाकिटात. एक फावडं भरायचं, दोन पावलं जायचं, टाकायचं, कमरेवर हात ठेवायचा. पुन्हा. ड्राइव्हवेच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत एक अरुंद पट्टा साफ झाला होता, आणि त्या ढिगाशी पोचल्या होत्या. गॅरेजचं दार बंद होतं.

बघताक्षणी मला सगळं कळलं. फोड कळले, लोणी कळलं, पहिला झटका कळला. हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. आणि त्याच्या पाठोपाठ, मी शपथेवर सांगते, दुसरं मनात आलं ते हे, की शीट ग्रुपवर जाऊन दहा दिवस झाले आहेत. मग म्हटलं, कडा साफ करत असतील. मशीनने कडा राहतातच. मग म्हटलं, आता गेले तर त्यांनाच ओशाळं होईल. मग म्हटलं, एकदा गेलं की दर वेळी जावं लागेल. माझं पिवळं मशीन गॅरेजात तयार उभं होतं. रस्ता ओलांडायला चाळीस पावलं. ईराच्या हिशेबाने दहा मिनिटं. मी खिडकीतून बाजूला झाले. नऊ वाजता फोन केला, कसं चाललं म्हणून विचारलं, झकास असं उत्तर आलं, आणि मी ते लिहून घेतलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या पडल्या. मधला सगळा बर्फ त्यांनी हाताने काढला, आणि ते मला माहीत होतं. निखिलने गॅरेजमधली चादर काढली तेव्हा मी तोंडावर हात नेला. तोही खोटाच. एवढं सगळं कुणाला सांगायचं? श्रीरंगला सांगितलं नाही. आईला फोनवर सांगू म्हटलं तर तिला स्नोब्लोअर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मी ती सबब आनंदाने घेतली.

आज मात्र दुपारी काकूंना फोन लावला. वर्षभरात बोललो नाही असं नाही, पण नेहमी प्रकृती, नातवंडं, भेंडी. आज म्हटलं, सांगून टाकायचं.

"बोल गं," काकू म्हणाल्या. मागे कुठेतरी मुलं इंग्रजीत भांडत होती. "इथे ऊन आहे बघ. परसात लिंबं लागलीत, पण सगळी निखिलच काढतो. मला शिडीवर चढू देत नाहीत."

"काकू, एक सांगायचं होतं."

"हं."

"गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, एकदा सकाळी मी तुम्हाला बघितलं होतं. फावडं घेऊन. मला तेव्हाच कळलं होतं. मी... मी आले नाही."

मुलांचा आवाज बारीक झाला. काकू बहुधा उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

"माहिती आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या स्वयंपाकघरात दिवा होता ना. बाहेर अंधार होता, त्यामुळे तू अगदी स्वच्छ दिसत होतीस. हातात कप होता तुझ्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या लायब्ररीतल्या मुलांना गोष्ट सांगायच्या तशा सावकाश सांगत होत्या. "मला आधी लाज वाटली. मग म्हटलं, बरंच झालं की. आपल्या तोंडाने सांगवत नव्हतं, आता हिने बघितलंच आहे. आता येईल. म्हणून थांबले जरा, फावडं टेकवून. पाच-दहा मिनिटं उभी होते बघ."

मी फोन घेऊन खिडकीशी आले.

"मग गारठायला लागलं," काकू म्हणाल्या, "म्हणून परत सुरू केलं."